सोमवारचा शेक

“दोन्ही मशीनमधल्या किरणांच्या शेकानं कॅन्सर सारखाच मरतो,” डॉक्टर रामीबाईला तिसऱ्यांदा सांगत होते. “फरक लाळेचा आहे. इथली मशीन जुनी. ती सगळी मान सरसकट शेकते, त्यात लाळेच्या ग्रंथीही जळतात. तोंड कायमचं कोरडं पडेल. नागपूरची नवी मशीन त्या ग्रंथी बऱ्याच चुकवते. पण तिथं नंबर लागेल दोन महिन्यांनी, आणि दोन महिने हा आजार काही थांबून राहत नाही. इथं सोमवारपासून सुरू करता येईल.”

रामीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तांड्यातली भांडणं मिटवताना देवसिंग कधी बायकोचं मत विचारायला गेला नव्हता. पण जिभेच्या मुळाशी गाठ आल्यापासून त्याचं बोलणंच कुणाला कळत नव्हतं. त्यानं हातानं खूण केली, तू सांग.

तिला तर यात विचार करण्यासारखं काही दिसेना. गिळता येत नाही म्हणून चार महिने त्याची लाळ सारखी गळत होती. खांद्यावरचा दुपट्टा दिवसातून सहा वेळा धुवायचा, उशीची खोळ वेगळीच. त्या वासाला तिचा जीव विटला होता. शेकानं ओल सुकते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चार बाळंतपणांत तिनं शेक घेतलेला होता. सुकली की सुटलो, असंच तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून लाजही वाटली नाही, इतकी ती थकली होती.

“मंग सोमवारीच करा ना साहेब. लाळ कायले पायजे?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “घाई नको. बाहेर बसा, जेवून घ्या, मग येऊन सांगा.”

बाहेरच्या बाकावर देवसिंग भिंतीला टेकून लगेच पेंगला. शेजारी ढाणकीची भागीरथा नावाची बाई बसली होती. गालाच्या आजारावर तिनं इथंच शेक घेतला होता, आता नुसती तपासणीला आली होती. रामीबाईनं फडकं सोडलं. एकटीनं कसं खावं, म्हणून अर्धी भाकर तिच्यापुढं केली.

“घ्या वो, बाटी खा.”

भागीरथानं पिशवीतून वाटी काढली, भाकर बारीक कुस्करली आणि पाण्यात भिजत घातली. पार लगदा झाल्यावर एक घास घेतला, त्यावर पाण्याचा घोट. पुन्हा घास, पुन्हा घोट. बोलायचं झालं तरी आधी घोट.

“शेक कालपरवाच संपला वाटते तुमचा,” रामीबाई कळवळून म्हणाली.

“तीन वर्षं झाली, बाई. जीभ टाळूले चिपकते. रातीही पाणी उशाशीच लागते. चव तं कवाचीच गेली.”

रामीबाईनं हातातला घास फडक्यावर ठेवला आणि पेंगलेल्या देवसिंगकडं पाहिलं.

“मंग यायले नागपूरलेच न्याव काय?”

भागीरथानं वाटीतला लगदा बोटानं हलवला. कुणाला असला सल्ला द्यायचा तिलाही कंटाळा आला असावा.

“माह्यासंगं राजूरची एक बाई होती. तिनं नागपूरची वाट पायली. तिचं तोंड नाई कोरडं पडलं.” तिनं घोट घेतला. “शेवटपर्यंत ओलंच होतं.”

रामीबाईनं उरलेली भाकर फडक्यात बांधली. झोपेत देवसिंगच्या हनुवटीवर लाळ ओघळली होती. ती सवयीनं पुसायला गेली, मग हात मागं घेतला आणि तशीच गळू दिली. मग उठून आत गेली.

“सोमवारपासून द्या,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. “लाळेचं कळलं ना तुम्हाला?”

“आता कळलं, साहेब. लिवा सोमवार.”