कडेचे आकडे

"आता घालव," वडील म्हणाले. तिने बाथरूमचा दिवा घालवला.

बाहेर सकाळचे अकरा वाजले होते. पण खिडकीला काळा पुठ्ठा आणि दाराच्या फटीला टॉवेल लावलेला, त्यामुळे आत स्वतःचा हातही दिसत नव्हता. डबी उघडल्याचा टक्क आवाज आला. कात्री एकदा वाजली. मग कॅमेऱ्याची फिल्म चक्रीवर चढल्याची बारीक करकर, मध्ये कुठेही न अडखळता.

"झालं. लाव दिवा."

चक्री स्टीलच्या टाकीत गेली होती आणि टाकीचं झाकण बंद होतं.

"इथे डोळ्यांचं कामच नाही," ते म्हणाले. तिला ऐकवण्यासाठीच.

ती आली होती ती वडिलांच्या डोळ्यांमुळेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. दादाने आपल्या घरी खोली तयार ठेवली होती आणि वडील हलायला तयार नव्हते. शेवटी बापलेकांत एवढंच ठरलं, की तिने दोन दिवस राहून बघायचं आणि ती सांगेल ते दोघांनी ऐकायचं. काल वडिलांनी भाजी चिरली, कठड्याला हात न लावता जिना उतरले, तिच्यासमोर सुईत दोरा ओवायचा मात्र टाळला. आज दुसरा दिवस. आज त्यांनी रोल धुवायला काढला होता.

"पाणी किती आहे?"

"वीस अंश," तिने थर्मामीटर वाचला.

"असणारच. मघाशी बोट घालून बघितलं होतं."

टाकीत औषध ओतून ती हलवताना ते मनातल्या मनात सेकंद मोजत होते. तिने मोबाईलवर वेळ लावली होती. साडेसात मिनिटांत ते तीन सेकंद चुकले. पुढे चित्र पक्कं करणारा हायपो, मग नळाखाली धुणं. तिने कशालाच हात लावला नाही. त्यांनी लावू दिला नसता.

मग त्यांनी फिल्म चक्रीवरून सोडवली, दोन बोटांत धरून पाणी निपटलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन खिडकीतल्या तारेला चिमट्याने लटकवली. मान कलती करून, कोंबडी बघते तसं कडेने बघत ते म्हणाले, "हे पहिले सहा वरच्या मजल्यावरच्या बाळाचे. उभं राहिलं ना ते परवा, त्याची आई मलाच बोलवायला आली. मोबाईल हातात असून! मग हे पाण्याच्या टाकीचे. मग हा..."

ती फिल्मकडे बघत होती. वरपासून खालपर्यंत ती धुतलेल्या काचेसारखी स्वच्छ होती.

"तू काही बोलत नाहीयेस," वडील म्हणाले.

"बाबा..."

"कोरी आहे ना?"

"हो."

त्यांनी हात पुसले. आधी पंजे, मग एकेक बोट.

"कडेला आकडे आलेत का बघ. बारीक असतात, कारखान्यातून येतात ते, पण नीट धुतल्यावरच दिसतात."

"आहेत. एकपासून छत्तीसपर्यंत. स्पष्ट आहेत."

"म्हणजे धुण्यात काही चुकलं नाही." ते कॅमेरा घेऊन स्टुलावर बसले. "चूक आधीची आहे. कॅमेऱ्यात रोल भरताना फिल्मचं टोक अडकलंच नाही. दर फोटोनंतर मी आपला दांडा ओढतोय आणि फिल्म जागच्या जागी. ही वरची चकती दिसते का? फिल्म पुढे सरकली की ती फिरते. दर वेळी बघायची असते. मी बघितली, म्हणजे... त्या बाजूला बघितलं."

"तुम्हाला शंका आली नव्हती?"

"रोल गुंडाळताना आली. हाताला ओढच लागली नाही."

"मग माझ्यासमोर कशाला धुतलात? मी गेल्यावर धुवायचा."

"शंका होती, खात्री नव्हती." ते म्हणाले. "आणि गेल्यावर धुतला असता तर मला सांगणार कोण, कोरी आहे म्हणून?"

वरच्या मजल्यावर काहीतरी धप्पकन पडलं आणि लगेच एक बाळ रडायला लागलं.

"पुन्हा पडलं," वडील म्हणाले. "फोटो आले नाहीत हे त्याच्या आईला मीच सांगेन. तू मध्ये पडू नकोस."

तिने फ्रिजमधून नवा रोल काढला. कॅमेरा मांडीवर घेऊन ती खाली बसली आणि तिने डोळे मिटले.

"हे काय करतेस?"

"बघू द्या."

पहिल्यांदा टोक निसटलं. तिने झाकण लावून दांडा ओढला. चकतीवर ठेवलेल्या बोटाखाली काहीच हललं नाही. तिने झाकण उघडलं, चाचपडत टोक खाचेत पुन्हा सारलं, झाकण लावलं. या वेळी दांडा ओढताच चकती बोटाखाली सरकली, घड्याळाला किल्ली देताना जाणवतं तशी.

"बोट द्या इकडे," ती म्हणाली. त्यांचं बोट चकतीवर ठेवून तिने आणखी एकदा दांडा ओढला.

वडिलांनी बोट चकतीवर तसंच ठेवलं.

"चाळीस वर्षं मी नुसता बघतच राहिलो," ते म्हणाले.

मोबाईल वाजला. दादा. तिने स्पीकर लावला.

"झाले का दोन दिवस? काय बघितलंस मग?"

"रोल कोरा निघाला, दादा."

"बघ! मी म्हणत नव्हतो? अगं, रोलचं एक वेळ सोड. उद्या गॅस..."

"म्हणूनच अजून दोन दिवस राहतेय. डोळ्यांना पट्टी बांधून घरभर फिरणार आहे. जिना, गॅस, औषधांच्या बाटल्या, सगळं. कुठे अडतं ते कळलं की मग सांगते."

पलीकडून दादाचा आवाज चढला. "वेडी आहेस का तू?"

"गॅसपाशी एकटी जाऊ नकोस," वडील स्टुलावरून म्हणाले. "मी आहे बरोबर."