विसावा आंधळा

डोळ्यांना दिसेनासे झाले, तर माणसाने ते कबूल करावे की झाकावे, हा मोठ्या धर्मसंकटाचा प्रश्न आहे. त्यातून तो माणूस गावचा पाटील असेल, तर शास्त्रही गप्प बसते. बद्रीनाथ पाटलांनी हे संकट तीन वर्षे नुसते झाकूनच निभावले होते.

आज निजामी अंमलातल्या त्यांच्या गावच्या चावडीवर आंधळ्यांची मोजणी चालली होती. दोन्ही डोळ्यांचे वीस आंधळे भरले, तर नेत्रवैद्यांचा तंबू गावात पडणार होता. एक जरी कमी पडला, तरी तंबू जाफराबादेस जाणार होता. घरोघर हिंडून आलेल्या कारकून राधाकिसनांनी नावे न उच्चारता यादी वाचली.

“मोतीबिंदूनं अकरा. देवीनं चार. खुपऱ्यांनी दोन. वैदूच्या औषधानं दोन. जुमला एकोणीस.”

“मंग त्या वैदूलाच बलवा,” चतुराबाई म्हणाली. “दुपारपस्तोर इसावा तयार करतो.”

तिचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते. लेकीचे लेकरू सहा महिन्यांचे झाले, तरी त्याचे तोंड तिने केवळ बोटांनी पाहिले होते.

“जाफराबादला जा, मावशी,” राधाकिसन म्हणाले.

“वाटंत पूर्णा नदीला पानी हाय, सायेब. म्या बुडाले तर तुमचा तिथला हिसाबबी चुकंल.”

सारे हसले. पाटील हसले नाहीत. विसावा आंधळा कोण, हे त्यांना ठाऊक होते. कबूल करावे, तर पाटीलकी चुलतभाऊ भुजंगाकडे जाणार. आणि भुजंग शेजारीच बसला होता. दाराआडून पत्नी गोपिकाबाई खाकरल्या. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. पाटील उभे राहिले.

“लिवा. बद्रीनाथ. मोतीबिंदू, दोन्ही डोळे. तीन साल झाले, मला बिलकुल दिसत न्हाई.”

राधाकिसनांनी संकोचाने कागद चाळला.

“पाटील, तुमचं नाव तर पयलंच हाय. ज्याच्या दारात गेल्तो, त्यानं आधी तुमचंच सांगितलं.”

“भुजंगानंबी?”

“त्यायनंच सुरुवात केली. म्हणले, पाटलाला बोलू नका, त्याला वाईट वाटंल.”

पाटील हळूच खाली बसले. एवढा मोठा त्याग केला, आणि आकडा एकोणीसच राहिला.

तेव्हा कचरू आणि त्याची बायको तुळजाबाई पुढे आले. देवीने त्याचा डावा डोळा नेला होता, तिचा उजवा.

“सायेब, आमच्या दोघांचा एकेक डोळा गेला,” तुळजाबाई म्हणाली. “मिळून एक आंधळा लिवा ना.”

“असं कुठं असतं? नवरा-बायको एक हायेत, याला साक्षीदार कोण?”

“म्या हाय ना,” पाटील गरजले. “यांचं लगीन म्याच लावलं. आजबी दोघांला एकच बघून राह्यलो. या डोळ्यांनी!”

कारकुनाने साक्षीदाराच्या डोळ्यांकडे पाहिले, मग चतुराबाईकडे पाहिले, आणि वीस लिहिले.

ज्या हाताने ही असत्य बेरीज केली, तो हात शतायुषी होवो. आणि डोळ्यांवरची पट्टी सुटेल तेव्हा चतुराबाईच्या पुढ्यात ते लेकरू जागे असो.