पंचेचाळीस ढांगांवर लंडन

फौजदारांचं वॉरंट वाचून संपलं, तेव्हा हरणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"'चले जाव'च्या भूमिगतांना तू भाकऱ्या घातल्यास. सहा महिने तरी आत बसशील," चिंतामणराव फौजदार म्हणाले. साताऱ्याहून बदलून या माळावर येऊन त्यांना आठवडाच झाला होता. "चल."

"चलती की. पर तुमी शिकल्यालं, म्हून इचारती. माजं पोरगं पलटणीतनं इमानात बसून इलायतंला गेलंय. किती लांब आसंल?"

हवालदार नाथाजी याच वाडीचा. तो खोकला.

फौजदारांना विमानांचा भारी नाद. वर्तमानपत्रातली चित्रं ते कापून ठेवत. "कराची ते लंडन साडेचार हजार मैल. तीन दिवस लागतात."

"मैल कळत न्हाईत, सायेब. पावलं कळत्यात. चालून दावा की."

"मी?"

"मग काय नाथाजी दावंल? त्येला तासगाव धड सापडत न्हाई."

फौजदारांचा हात मिशीवर गेला. शंभर मैलांना एक ढांग ठरली. चुलीपाशी कराची. विलायत मावळतीला, म्हणून स्वारी मावळतीकडं निघाली. म्हातारीनं भाकऱ्यांचं गठुडं उचललं.

"मीबी येती मागनं. पोराच्या वाटंनं चार पावलं. जेलात तेवडंच आठवीन."

नाथाजी पुन्हा खोकला.

तेराव्या ढांगेला बसरा झालं, तेविसाव्या ढांगेला कैरो. फौजदार रंगात आले. "आता खाली पाणीच पाणी!" भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर शेंदूर फासलेला दगड आडवा आला. म्हसोबा असेल, म्हणून त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि वळसा घालून पुढं गेले. मागोमाग म्हातारीनंही वळसा घातला.

"पंचेचाळीस! हे लंडन."

लंडनात बाभळीखाली भाऊसो पाटील तंबाखू मळत बसला होता. हरणाबाई त्याच्याशेजारी टेकली आणि गठुडं सोडू लागली.

"कळलं ना किती लांब? ऊठ आता."

"कशाला? त्यो म्हसोबा न्हवं, सायेब. हद्दीचा दगुड हाय. शेंदूर मीच फासलाय. तितवर सातारा जिल्हा, हितनं फुडं सांगली संस्थान. तुमचं वारंट दगडापाशी सपलं."

फौजदारांनी भाऊसोकडं पाहिलं.

"मी संस्थानाचा पोलीस पाटील," तो सावकाश म्हणाला. "बाईला न्यायची तर दरबारचा हुकूम आना. सांगली काय, धा-बारा कोस. पर हुकूम यायला सा म्हैनं लागत्यात. तुमचं इमान लय जोरात, बगा."

फौजदार लालबुंद झाले. "म्हातारे, तुझा मुलगा तिकडं सरकारसाठी लढतोय, आणि तू इथं—"

या खेपेला नाथाजी खोकला नाही. हसला.

हरणाबाईनं भाकरी मोडून अर्धी फौजदारांपुढं धरली. "खावा. मला मुलगा न्हाई, सायेब."