कोलमचा रंग

माझ्या भावाची, कोलमची, शवपेटी बैठकीच्या खोलीत उघडी ठेवली होती. शेजारची ॲट्रॅक्टामावशी वाकून बघत म्हणाली, "किती छान दिसतोय गं! रंग तर बघ, जसा परवाच स्पेनहून उन्हं खाऊन आलाय."

"लोहाचा रंग आहे तो, मावशी. अंगात लोह साठत गेलं, कातडी तांबूस झाली आणि लिव्हर संपलं. आपल्या आयरिश लोकांच्या रक्तातच येतं ते. वेळेवर कळलं असतं तर अधूनमधून रक्त काढलं की भागलं असतं."

"काहीतरीच तुझं! आम्ही तर इतकी वर्षं त्याच्या रंगाचं कौतुकच करत आलो."

धाकट्या फिन्टनला मी स्वयंपाकघरात गाठलं. "डॉक्टर म्हणालेत, भावंडांनी तपासून घ्या. माझं झालं. तू एकदा रक्त तपासायला देऊन ये ना रे."

"ताई, आज तरी पुरे कर. मला काय धाड भरलीय?"

सँडविचचं ताट उचलून तो बाहेर गेला. मी दारात उभी राहून बघत होते. आमच्या मेयो परगण्यात गेले चार महिने पाऊस थांबला नव्हता, उन्हाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मावशीनं सँडविच घेतलं, फिन्टनच्या गालावरून मायेनं हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाली, "अरे लबाडा, तू पण जाऊन आलास की काय स्पेनला?"