कुंभारणीचं घर

रविवारी दुपारी कढीची वाटी घेऊन आलेल्या घरमालकीण पार्वताबाईंची नजर खिडकीशेजारच्या भिंतीवर गेली आणि वाटी हातातच राहिली.

भिंतीवर कुंभारीणमाशीनं घर केलं होतं. मातीची तीन बोळकी, एकाला एक चिकटलेली. दोन बंद, तिसरं अजून उघडं.

“कधीचं हाय हे, बाई?”

“झाले पंधरा दिवस. काढायचं राहून गेलं,” चारुशीलाबाई म्हणाल्या. अकोल्याच्या कन्याशाळेत त्या शास्त्र शिकवत. चाळिशी उलटलेल्या, एकट्या. एरवी कोपऱ्यात कोळिष्टक दिसलं तर ते झाडल्याशिवाय शाळेला न जाणाऱ्या.

“कुंभारीण घर करते तं त्या घरात पाळना हालते म्हन्तात. पन मेलीले इथंच जागा भेटली? इथं कोनाले पायजे पाळना!”

पार्वताबाई मोकळेपणी हसल्या. चारुशीलाबाईही हसल्या, थोड्या उशिरा.

मग पार्वताबाईंनी आवाज उतरवला. “आमच्या कौशल्येच्या लग्नाले सातवं वर्स लागलं. दिवाळी झाली का तिले माहेरी धाडून देतो म्हनून राहिले तिचे सासरे. बाई, हे अख्खं काढून द्या ना. तिच्या खोलीत चिकटवून देतो. आमच्या हातानं फुटन. तुमी शिकलेल्या.”

जागा माशीच निवडते, हलवलेल्या घराकडे ती फिरकत नाही, हे सांगता आलं असतं. वर्गात त्यांनी सांगितलंही असतं. पण दाराआड त्यांची सून कौशल्या उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. चारुशीलाबाईंनी पातळ सुरी घेतली.

घर अख्खं निघालं. भिंतीला टेकलेल्या बाजूनं बोळकी उघडीच होती. आत हिरव्या अळ्या, लुळ्या पडलेल्या पण जिवंत, आणि त्यांच्यावर पोसणारं तांदळाच्या कणीएवढं पांढरं पिल्लू. कौशल्येला ते दिसायच्या आत त्यांनी घर तिच्या ओंजळीत उपडं ठेवलं.

“कडेनं ओली माती लाव. दाबू नकोस.”

पेटता दिवा न्यावा तशी कौशल्या ओंजळ सांभाळत गेली.

“लय उपकार झाले, बाई,” पार्वताबाई वाटी टेबलावर ठेवत म्हणाल्या. “आता खिडकीले जाळी ठोकून घ्या. मंग नाही येत ते.”

भिंतीवर तीन गोल वण राहिले.

थोड्या वेळानं माशी आली. तोंडात मातीची गोळी. वणांवर बसली, उठली, पुन्हा बसली. गोळी तशीच धरून बाहेर गेली आणि परत आली. मग गोळी खाली पडली.

“तिकडे नेलं गं,” चारुशीलाबाई हळूच म्हणाल्या. “कौशल्येच्या खोलीत.”

माशी घिरट्या घालत राहिली.

आठवडाभर उघडीप होती. खिडकीखालची काळी माती वाळून भेगाळली होती; गोळी वळायला तिथं ओल नव्हती. चारुशीलाबाईंनी तांब्या भरला, गजांतून हात बाहेर काढला आणि सगळं पाणी त्या मातीवर ओतलं.