शेपूट

बायकोचं हृदयाचं ऑपरेशन विमा कंपनीने पुन्हा नाकारलं, त्याच आठवड्यात लायलने मिलवॉकीच्या आपल्या तळघरात दर शनिवारी मित्रांसोबत रंगणाऱ्या फाशांच्या लढाईच्या खेळासाठी नवा राक्षस रचला. हा चावत नव्हता, आग ओकत नव्हता. जखमी योद्ध्यावर कुणी उपचाराचा मंत्र टाकला, की शांतपणे म्हणायचा, "गरज सिद्ध होत नाही."

तिसरा योद्धा मेला, तेव्हा खेळायला आलेल्या गॉर्डीने फासे असे आपटले की चीजची ताटली उलटली. "अरे, माणूस डोळ्यांदेखत मरतोय आणि हा पुरावा मागतो? लढाईला काही रीत असते, लायल! असला हरामखोर राक्षस तुला सुचला तरी कुठून?"



"तुझ्याच ऑफिसातून आणलाय, गॉर्डी. मी फक्त शेपूट लावलं."