जिवाचा कान

चाळीस वर्षं कारखान्याच्या खडखडाटात काढलेल्या फिटरने निवृत्तीनंतर घरीच एक चिमुकलं इंजिन बनवायला घेतलं होतं. व्हॉल्व्हची दांडी ज्या पितळी नळीतून वर-खाली होते, ते गाइड केसभर जरी तिरकं बसलं, तरी व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि हवा फुसफुसत निसटते. गेल्या वर्षी तीन गाइडं अशीच वाया गेली होती. आज चौथं त्याने श्वास रोखून दाबून बसवलं. गाइड काढता-घालता ते बसवायचं भोक आता इतकं मोठं झालं होतं, की पाचव्याची सोयच उरली नव्हती.

त्याने सायकलचा पंप जोडला आणि जिवाचा कान करून इंजिनापाशी वाकला. एकदा हवा मारली, दोनदा, दहादा. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळला, तरी तो पुसायचं त्याला भान नव्हतं.

फुस्स नाही की फिस्स नाही!

“चिडीचूप!” हवा मारता मारताच तो आनंदाने ओरडला. “कोण म्हणतं म्हातारा थकला? हात शाबूत आहेत अजून माझे!”

 

शेजारच्या खोलीतून बायकोने तिसऱ्यांदा विचारलं, “अहो, मघापासून हे काय फुसफुसतंय?”